गाडीच्या एसीतून हवा कमी येते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली २२ वर्षं नाशिकमध्ये गाड्यांच्या एसीचं काम करतोय. मार्च लागला की फोन थांबत नाही, आणि त्यात एक वाक्य सारखं कानावर येतं: "एसी मार खातोय, जरा गॅस टाकून द्या." गाडी समोर आल्यावर कळतं की गॅस व्यवस्थित आहे, गॅस फिरवणारा कॉम्प्रेसर ठणठणीत आहे, हवा गार करणारी कॉइल गारेगार आहे. फक्त ती गार हवा सीटपर्यंत पोचत नाही, वाटेत कुठेतरी अडली आहे. त्या वाटेबद्दल लोक मला जे विचारतात, ते इथे एकत्र लिहिलं आहे.

हवा कमी येणं आणि थंडावा कमी येणं, यात फरक काय?

हा फरक कळला की निम्मं काम झालं. डॅशबोर्डच्या जाळीसमोर तळहात धरा. हवा जोरात लागते पण कोमट आहे, तर दोष थंडाव्याच्या बाजूला: गॅस, कॉम्प्रेसर, कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा) पंखा. हवा गार आहे पण फुंकर मारल्याएवढीच, तर दोष वाऱ्याच्या बाजूला: फिल्टर, ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा), फ्लॅप (हवेची वाट बदलणारी झडप), कॉइलवर बसलेली माती. या दुसऱ्या दुखण्यावर गॅस हे औषध नव्हेच. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झालाच असेल तर कुठून तरी झिरपला आहे, आणि ती जागा न शोधता वरून भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. (गॅस कमी झाल्यामुळे हवाही अडते, असा एक अपवाद आहे. तो पुढे बर्फाच्या प्रश्नात येईल.)

ही हवा येते कुठून आणि जाते कुठे?

समोरच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी काळी प्लास्टिकची जाळी असते. बाहेरची हवा तिथून आत शिरते. पुढे एक फ्लॅप असतो. तो बाहेरची हवा घ्यायची की केबिनमधलीच हवा पुन्हा फिरवायची, हे ठरवतो. बटणावर गाडीच्या चित्रात वळलेला बाण असतो तो याचाच. त्यानंतर फिल्टर, मग ब्लोअर. ब्लोअर म्हणजे उभ्या पात्यांचा, पिंजऱ्यासारखा गोल पंखा. तो हवा कूलिंग कॉइलमधून ढकलतो. कॉइलच्या पुढे हीटरची कॉइल असते आणि हवेचा किती भाग तिच्यातून जाऊ द्यायचा, हे तापमानाचा फ्लॅप ठरवतो. शेवटी आणखी दोन-तीन फ्लॅप हवा तोंडाकडे, पायाकडे किंवा काचेवर वळवतात.

इथे बहुतेकांना वाटतं की प्रवास संपला. पण आत आलेली हवा बाहेरही पडावी लागते. त्यासाठी गाडीच्या मागच्या भागात, बहुधा बंपरच्या आड, रबराच्या पातळ झडपा असतात. त्या बुजल्या तरी पुढून हवा कमी येते.

या वाटेवर पुढून मागे एकेक टप्पा तपासत जायचं. मधूनच उडी मारली की खर्च वाढतो.

गॅरेजला जाण्याआधी घरी काय तपासता येईल?

दहा मिनिटं आणि एक टिश्यू पेपर पुरे. इंजिन चालू, एसीचं बटण बंद, ब्लोअर पूर्ण, हवा तोंडाकडे. टिश्यूची पट्टी मधल्या जाळीसमोर धरा आणि ती किती आडवी होते ते बघून ठेवा. आता हवा फिरवण्याचं बटण चालू-बंद करा. एका स्थितीत पट्टी जोरात उडते आणि दुसऱ्या स्थितीत लोळते, तर त्या बाजूची वाट अडली आहे. बाहेरची हवा घेताना जोर खूपच कमी होत असेल, तर वायपरखालची जाळी पानांनी भरलेली असण्याची शक्यता फार. थोडा फरक मात्र निरोगी गाडीतही असतो.

मग फिल्टर काढून तेच पुन्हा करा. फिल्टरशिवाय हवा दणक्यात आली, तर रोग सापडला. तरीही मरगळलेलीच असेल, तर ब्लोअरचा आवाज ऐका. आवाज जोरदार आहे पण हवा नाही, म्हणजे पंखा फिरतोय आणि अडथळा त्याच्या पुढे आहे. आवाजच दबका आहे, तर मोटर किंवा तिला मिळणारी वीज कमी पडते आहे. ब्लोअरचे सगळे स्पीड एकेक करून फिरवा, हवेच्या सगळ्या दिशा वापरून बघा, आणि शेवटी एक काच बोटभर खाली करून पट्टीत फरक पडतो का ते पाहा.

जे दिसलं ते कागदावर लिहून ठेवा. मेकॅनिकला याचा उपयोग होतो.

फिल्टर कुठे असतो? मी स्वतः बदलू शकतो का?

बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करायचा, दोन्ही बाजू आत दाबून तो खाली सोडायचा, मागे एक आडवं झाकण दिसतं, ते उघडलं की फिल्टर हातात. काही गाड्यांत तो पायाजवळ किंवा वायपरच्या जाळीखाली असतो. गाडीच्या पुस्तिकेत चित्र असतं. काढायच्या आधी त्याच्या कडेवरचा बाण कुठल्या दिशेला आहे, त्याचा फोटो घ्या. नवा फिल्टर त्याच दिशेने बसायला हवा. आणि फिल्टर दुमडून कोंबू नका. कडेला फट राहिली की धूळ तिथूनच थेट कॉइलवर जाते.

साधारण १०,००० ते १५,००० किलोमीटरला बदला असं सांगितलं जातं. माझं मत विचाराल, तर आपल्याकडे किलोमीटर मोजण्यापेक्षा ऋतू मोजावेत: एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर उघडून बघावा. कच्च्या रस्त्यावर, उसाच्या किंवा कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टरमागून धूळ खात फिरणारी गाडी असेल, तर त्याहून लवकर.

कागदी फिल्टर धुवू नका. पाण्याने त्याचे तंतू फुगतात, सुकल्यावर तो स्वच्छ दिसतो पण हवा नीट सोडत नाही, आणि ओल राहिली तर कुबट वास सुरू होतो. हवेच्या पाइपने झटकल्यावर वरची धूळ जाते, आत रुतलेली नाही.

फिल्टर नवा आहे, तरी हवा कमीच. मग?

तुम्ही गाडी कुठे लावता?

एक निवृत्त शिक्षक त्यांची हॅचबॅक घेऊन आले होते. दारात गुलमोहर, त्याच्या सावलीत गाडी. दोन महिन्यांपूर्वीच फिल्टर बदललेला. मी ब्लोअर खाली उतरवला. डाव्या बाजूला पायाच्या वर तीन स्क्रू असतात, फार वेळ लागत नाही. पंख्याचा पिंजरा हातात घेतला तर पात्यांच्या मधली प्रत्येक फट तपकिरी चुऱ्याने भरलेली, चहाची पूड ओली करून दाबून बसवावी तशी. गुलमोहराची पानं म्हणजे बारीक बारीक पर्णिका. वायपरच्या जाळीतून त्या सहज गळतात. त्या फिल्टरची एक कड नीट बसली नव्हती, तिथून त्या पंख्यात गेल्या होत्या. त्या पिंजऱ्याची पाती हवा पकडतात ती त्यांच्या खोलगट आकारामुळे. तो खोलगटपणा भरला की पंखा गरगर फिरतो, पण हवा ढकलत नाही.

जुन्या टूथब्रशने एकेक पातं साफ केलं, अर्धा तास गेला. नवा भाग एकही लागला नाही. सरांना आधी एका ठिकाणी नवी मोटर टाकायला सांगितलं होतं. अशा वेळी मला वाईट वाटतं. पंखा उतरवून नुसता बघितला असता, तरी त्यांना तो खर्च सांगायची वेळ आली नसती.

गुलमोहर, कडुलिंब, चिंच, सुबाभूळ अशा बारीक पानांच्या झाडाखाली गाडी लागत असेल, तर बॉनेट उघडून वायपरखालची जागा दर आठवड्याला हाताने साफ करा. तिथेच पावसाचं पाणी वाहून जायची भोकंही असतात. ती बुजली, तर पाणी ब्लोअरमध्ये उतरतं.

माझ्या गाडीत फिल्टरच नाही. हे कसं?

काही गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये फिल्टरची जागा असते, पण फिल्टर दिलेला नसतो. मग कूलिंग कॉइलच फिल्टरचं काम करते. तिच्या पत्र्याच्या बारीक पट्ट्या ओल्या असतात, धूळ तिथे चिकटते आणि काही वर्षांत तिच्यावर गोधडीसारखा थर बसतो. जागा असेल तर फिल्टर जरूर बसवून घ्या. पण आधी कॉइलची अवस्था बघून मगच.

ब्लोअर एक, दोन, तीनवर चालत नाही, फक्त चारवर चालतो. मोटर गेली का?

नाही. मोटर चांगली आहे, म्हणून तर चारवर चालते. गेलाय तो रेझिस्टर. गॅरेजमध्ये त्याला कुणी रेझिस्टन्स म्हणतं, कुणी रजिस्टर. साध्या नॉबच्या गाड्यांत चारवर वीज थेट मोटरला जाते. खालच्या स्पीडना ती रेझिस्टरच्या वेटोळ्यांतून जाते, तिथे तिचा काही भाग उष्णतेत जातो आणि मोटर हळू फिरते. त्या वेटोळ्यांना गार ठेवायला त्यांना मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्यातच बसवलेलं असतं. वर एक उष्णतेचा फ्यूज असतो, तो तुटला की खालचे सगळे स्पीड एकदम बंद. एखादंच वेटोळं तुटलं, तर एक-दोनच स्पीड जातात.

खरी गोष्ट पुढे आहे. नवा रेझिस्टर बसवला आणि सहा महिन्यांत पुन्हा जळला, अशी तक्रार फार येते. पुन्हा जळतो याची दोन कारणं मी नेहमी बघतो. एक, फिल्टर चोंदलेला, त्यामुळे रेझिस्टरला गार करायला वाराच नाही. दोन, मोटर जड झालेली. बेअरिंग सुकलं की मोटर फिरायला जास्त करंट ओढते आणि तो सगळा रेझिस्टरमधून जातो. म्हणून रेझिस्टर बदलताना क्लॅम्पमीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावून मोटरचा करंट मोजलाच पाहिजे. लहान गाड्यांत पूर्ण स्पीडला तो साधारण १२ ते २० अँपिअरच्या घरात असतो. त्यापेक्षा बराच वर गेला, किंवा पंखा हाताने फिरवताना अडखळला, तर मोटर बदलल्याशिवाय रेझिस्टरवर पैसे घालू नका.

रेझिस्टरचा कपलरही (तारा जोडायचा प्लास्टिकचा जोड) उलटून बघा. प्लास्टिक पिवळं पडून वितळलेलं असेल, तर नवा कपलर जोडूनच काम करा. जुन्याच सैल पिना नव्या रेझिस्टरवर चढवल्या की त्या पुन्हा तापतात. कुणी "रेझिस्टर बायपास करून देतो" म्हणालं, तर नको म्हणा.

ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. ते गेलं की ब्लोअर पूर्ण बंद पडतो, किंवा बंद केला तरी थांबत नाही.

ब्लोअर कुठल्याच स्पीडवर चालत नाही.

आधी फ्यूज, मग रिले (वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच), मग मोटरच्या कपलरवर वीज येते का ते मल्टिमीटरने. इंजिन चालू आणि स्पीड पूर्ण असताना तिथे १३ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १० दिसले, तर बाकीचे स्विचमध्ये, कपलरमध्ये किंवा अर्थच्या तारेत गळताहेत. पुरेशी वीज पोचते आणि तरी मोटर गप्प आहे, तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या पाठीवर हलकेच टकटक करा. टकटक केल्यावर ती फिरू लागली, तर आतले कार्बन ब्रश झिजलेत. ती आणखी काही दिवस चालेल आणि नेमकी घाटात दगा देईल. बदलून टाका.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून मोठा फ्यूज कधीही टाकू नका, तार तर मुळीच नाही. फ्यूज वायरिंगला वाचवायला असतो. तो उडत नाही म्हटल्यावर वायर पेटते.

सुरुवातीला हवा छान येते, तासाभराने हळूहळू बंदच होते. थांबून पुन्हा निघालं की ठीक. असं का?

कॉइलवर बर्फ धरतोय. हे लक्षण इतकं स्पष्ट आहे की फोनवर ऐकूनही ओळखता येतं, आणि तरीही याच्यावर सगळ्यात जास्त पैसे वाया जाताना मी पाहिले आहेत.

एक कुटुंब दर महिन्याला नाशिकहून ठाण्याला जायचं. इगतपुरीपर्यंत सगळं उत्तम, कसारा घाट उतरून शहापूरकडे लागले की जाळ्यांतून जेमतेम झुळूक, मागे बसलेली आजी घामाघूम. चहाला वीस मिनिटं थांबले की गाडीखाली पाण्याचं थारोळं आणि एसी परत नव्यासारखा. त्यांनी दोनदा गॅस भरून घेतला होता. मी गाडी अंगणात सावलीला लावली, एसी पूर्ण, ब्लोअर एकवर, हवा फिरवण्यावर, आणि पाऊण तास तशीच चालू ठेवली. मग रेझिस्टर काढून त्या भोकातून छोटा कॅमेरा आत घातला. कॉइलच्या पट्ट्या दिसतच नव्हत्या, फ्रिजच्या जुन्या फ्रीझरमध्ये साचायचा तसा पांढरा बर्फ.

होतं असं: कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन जमते. कॉइल शून्याच्या खाली गेली की त्या पाण्याचा बर्फ होतो, बर्फाने फटी बुजतात, वारा कमी होतो, वारा कमी झाला की कॉइल आणखी थंड होते आणि बर्फ आणखी वाढतो. हे होऊ नये म्हणून कॉइलच्या पट्ट्यांत एक सेन्सर खोचलेला असतो. तापमान शून्याजवळ आलं की तो कॉम्प्रेसर थांबवायला लावतो. तो सेन्सर बिघडला किंवा जागेवरून निसटला की कॉम्प्रेसर थांबत नाही. त्या गाडीत तो निसटून कॉइलच्या बाजूला लोंबत होता. परत खोचला, काम संपलं.

दुसरी कारणं म्हणजे चोंदलेला फिल्टर आणि, मघाशी म्हटलेला अपवाद, कमी गॅस. गॅस कमी झाला की कॉइलमधला दाब उतरतो आणि तिचा एक भाग प्रमाणाबाहेर थंड होऊन तिथून बर्फ धरायला लागतो. म्हणून इथे गेज लावून दाब बघावा, पण सेन्सर आणि फिल्टर बघितल्यानंतर.

वाटेतच असं झालं तर एसीचं बटण बंद करा, ब्लोअर पूर्ण चालू ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत बर्फ वितळतो.

ब्लोअरची नवी मोटर टाकली, आवाज येतो, पण हवा पहिल्यापेक्षाही कमी!

मोटर उलटी फिरते आहे का बघा. कपलर जुळला नाही म्हणून तारा कापून जोडल्या आणि त्यात अदलाबदल झाली, तर असं होतं. गंमत अशी की या पिंजऱ्याच्या पंख्याची हवा उलटं फिरूनही त्याच बाजूने येते, फक्त फारच कमी. त्यामुळे चूक पटकन लक्षात येत नाही. दोन तारा बदलल्या की प्रश्न मिटतो.

बटण कुठेही फिरवलं तरी हवा काचेवर किंवा पायाकडेच येते.

दिशा बदलणारा फ्लॅप हलत नाही. नॉब हाताने फिरवायच्या गाड्यांत फ्लॅपला केबल असते. ती क्लिपमधून निसटली, की नॉब एकदम हलका फिरू लागतो. केबल परत अडकवायची, एवढंच. बटणांच्या गाड्यांत प्रत्येक फ्लॅपला छोटी मोटर असते. तिच्या आतला प्लास्टिकचा दाता तुटला, की चावी फिरवल्यावर डॅशबोर्डमागून टिक-टिक-टिक असा आवाज काही वेळ येत राहतो. कान लावून आवाजाची जागा शोधा, तीच मोटर. काही गाड्यांत नवी मोटर बसवल्यावर तिला दोन्ही टोकं ओळखायला लावावी लागतात. ती पद्धत त्या त्या गाडीची असते, अंदाजाने करू नका.

तापमानाचा फ्लॅप अडकला तर हवा भरपूर येते पण कोमट, कारण ती हीटरमधून फिरून येते. इथेही लोक गॅस भरतात.

अमेरिकेतल्या काही वाचकांचाही हा प्रश्न असतो: चढ लागला की हवा आपोआप समोरच्या काचेकडे जाते. तिथल्या जुन्या गाड्यांत आणि पिकअपमध्ये फ्लॅप इंजिनच्या व्हॅक्यूमवर (हवा आत ओढण्याच्या जोरावर) चालतात. चढावर थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) उघडा असल्यामुळे व्हॅक्यूम कमी होतो, आणि एखादी रबरी नळी चिरलेली असेल तर फ्लॅप सुटतो. ती चिरलेली नळी किंवा खराब झालेला एकेरी व्हॉल्व्ह शोधा. काचेवर हवा जाणं हे मुद्दाम ठेवलेलं आहे, बिघाड झाला तरी समोरचं दिसावं म्हणून.

एकाच बाजूच्या जाळीतून हवा येत नाही.

जाळीचं बंद करायचं चाक बघा, मुलं फिरवून ठेवतात. जाळीवर लावलेल्या अत्तराच्या बाटलीतलं तेल गळून पाती चिकटली आहेत का बघा. आणि आठवा, एवढ्यात मोठ्या स्क्रीनचा म्युझिक सिस्टीम बसवला का? मागची जागा अपुरी पडते, तारांचा गुंता आत ढकलला जातो आणि मधल्या जाळीची नळी सांध्यातून सुटते. मग गार हवा डॅशबोर्डच्या पोकळीत जाते. स्क्रीन बाहेर काढून नळी परत बसवावी लागते.

मागच्या सीटवर हवा पोचत नाही.

मधल्या कन्सोलमधून मागे गेलेली नळी लांब आणि अरुंद असते, तिथे जोर थोडा कमीच असतो. पुढच्या सीटखालून पायाकडे येणारी हवा मात्र जाड मॅट किंवा गाडीच्या तळावरचं नवं लॅमिनेशन तोंडावर आल्याने अडते, ते कापून मोकळं करा. सात सीटच्या काही गाड्यांत छताला वेगळा ब्लोअर असतो. त्याची स्वतःची जाळी असते आणि ती साफ करायची असते, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

काच थोडी उघडली की पुढून हवा वाढते. हे काय?

मागच्या झडपा बुजल्या आहेत. बाहेरची हवा घेताना हे जाणवतं. दार लावताना कानावर दाब येतो किंवा दार जोरात आपटावं लागतं, तीही खूण. मागून ठोकर बसून डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर झडपांवर रंग किंवा सीलंट बसलेला असतो. डिकीत आवाज कमी करणारी चादर चिकटवली असेल तर तीही झडपेवर आलेली असते.

पूर्वी हे काम पुढच्या दारातली त्रिकोणी काच करायची. पद्मिनी गाडीत बसलेल्यांना ती आठवत असेल, ती बाहेरच्या बाजूला तिरपी केली की आतली गरम हवा ओढून घ्यायची. १९६४ मध्ये फोर्डने इंग्लंडमधल्या कॉर्टिनात पुढच्या जाळ्यांतून हवा आत आणि मागच्या खांबातल्या फटींतून बाहेर, अशी सोय दिली. आज सगळ्या गाड्या त्याच तत्त्वावर श्वास घेतात.

पावसाळ्यात काचेवर वाफ धरते. ब्लोअर तर चालू असतो.

हवा फिरवण्याचं बटण बंद करा, म्हणजे बाहेरची हवा येऊ द्या, एसी चालू करा आणि हवा काचेकडे वळवा. एसी हवेतली ओल कॉइलवर काढून घेतो. आतलीच हवा फिरवत राहिलात, तर चार माणसांचा श्वास आणि ओल्या छत्र्या तिथेच फिरतात. कोकणात किंवा गोव्यात भर पावसात कधी वाफ काचेच्या बाहेरून धरते. तेव्हा वायपर मारा आणि काचेवरचा गारवा कमी करा.

पायाखालचं कार्पेट ओलं होतं आणि वास येतो.

कॉइलचं पाणी बाहेर नेणारी नळी चिखलाने किंवा पानांनी बुजली आहे. गाडीखालून ती मोकळी करता येते. तार खुपसू नका, कॉइलला भोक पडू शकतं. मऊ नळीने हलकी हवा मारा.

ब्लोअरमधून चमत्कारिक आवाज येतात.

खर्रर्र असा, स्पीडबरोबर वाढणारा, म्हणजे पान किंवा कागद. चिवचिव, सकाळी जास्त, म्हणजे बेअरिंग. डॅशबोर्ड थरथरतो, म्हणजे पंख्याचं पातं तुटलंय किंवा एका बाजूला माती साचलीय.

खसखस आवाज आणि उग्र वास, म्हणजे उंदीर. गाडी महिनाभर उभी राहिली की ते वायपरच्या जाळीतून ब्लोअरमध्ये उतरतात आणि फिल्टर कुरतडून घर करतात. असा ब्लोअर लगेच चालू करू नका, ती घाण सगळी तोंडावर येते. मास्क आणि हातमोजे घालून, खोका उतरवून साफ करा, आणि जाळीखाली बारीक धातूची जाळी बसवून घ्या. ती हवा अडवणार नाही इतकीच बारीक हवी.

कॉइल साफ करायला डॅशबोर्ड उतरवायलाच हवा का?

शक्यतो नको. डॅशबोर्ड एकदा उतरला की क्लिपा तुटतात, नंतर खडखड राहते, शिवाय त्यात एअरबॅगचं पिवळं वायरिंग असतं, त्याला नवख्याने हात लावू नये. आधी रेझिस्टरच्या किंवा ब्लोअरच्या तोंडातून कॅमेरा घालून कॉइल बघायला आणि ती तुम्हाला स्क्रीनवर दाखवायला मेकॅनिकला सांगा. थर पातळ असेल तर कॉइल साफ करायचा फेस मारून, अर्धा तास थांबून, हलक्या पाण्याने धुता येतो. मळ नळीतून खाली येतो. प्रेशर पंप मारला तर पट्ट्या वाकतात आणि वाट कायमची बंद होते. थर खरंच गोधडीएवढा असेल, किंवा कॉइल गळत असेल, तरच डॅशबोर्ड उतरवा. आणि मग त्याच वेळी फ्लॅपचे झिजलेले स्पंज, सेन्सर, पाण्याची नळी सगळं बघून घ्या, कारण तिथे पुन्हा हात पोचणार नाही.

इलेक्ट्रिक गाडीत हे सगळं वेगळं असतं का?

वाऱ्याची वाट तीच, फिल्टर आणि ब्लोअरही तसेच. कॉम्प्रेसर मात्र मोठ्या बॅटरीवर चालतो. केशरी रंगाच्या केबलना हात लावू नका.

गॅरेजमध्ये गेल्यावर नेमकं काय सांगू?

"एसी चालत नाही" असं सांगू नका. असं सांगा: "हवा गार आहे पण कमी आहे. चारवरसुद्धा कमी. फिल्टर काढूनही फरक पडला नाही. काच उघडून फरक पडला नाही. सुरुवातीपासूनच असं आहे, तासाभराने नाही." एवढ्या चार-पाच वाक्यांत चांगला मेकॅनिक थेट पंख्याच्या पिंजऱ्यापर्यंत किंवा कॉइलपर्यंत पोचतो. काढलेला जुना भाग परत मागा. काम झाल्यावर पैसे देण्याआधी तीच टिश्यूची पट्टी त्याच जाळीसमोर, त्याच स्पीडवर धरून बघा.